सातवा रकाना

१

बाबांच्या डाव्या गालावर एक रेष होती. कानाच्या पाळीखालून निघून नाकपुडीच्या दिशेने गेलेली, चारएक सेंटीमीटर लांब, दोन मिलिमीटरपेक्षा रुंद नाही, कडेला किंचित लाल. चहाचा कप टेबलावर ठेवायला ते वाकले तेव्हा ती तिला दिसली, आणि मोजण्याची सवय हाडीमाशी मुरलेली असल्याने तिने ती मनातल्या मनात मोजलीही.

"झोपला होतात?"

"पडलो होतो जरा. उशीचा वळ असेल." त्यांनी गाल चोळला. "तोंड असं का? गेला?"

"गेला."

चार वाजून सतरा मिनिटांनी कॉम्प्युटर गेला होता. ना सूचना, ना निळा पडदा, ना पंख्याची घरघर. टक्‌ असा बारीक आवाज, काळोख, आणि दोन सेकंदांनी काही झालंच नाही अशा थाटात यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. नऊ तासांच्या आकडेमोडीतले सहा तास चाळीस मिनिटं पार पडले होते. ते सगळे पाण्यात.

पाण्यातच म्हणायचं, कारण प्रबंध पाण्याचाच होता. चारशे बारा विहिरींचे नमुने, त्यांतले क्षार, आणि ते जमिनीखालून कुठून कुठे सरकतात याचं गणित. ज्या प्रोग्रॅमवर ते गणित चालायचं तो तिच्या मार्गदर्शकांनी स्वतः लिहून याच एका यंत्राला जोडून दिला होता. तो मध्ये कुठे थांबून काही जपून ठेवत नसे. शेवटपर्यंत गेला तर उत्तर, नाहीतर शून्य. त्यात बदल करू शकणारा माणूस गेल्या वर्षी हे जग सोडून गेला होता.

आज रविवार. बुधवारी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. "ही शेवटची," विद्यापीठातल्या कारकूनबाईंनी सांगितलं होतं. "यानंतर नोंदणीच रद्द. आठ वर्षं झाली, मॅडम." त्या आठांतली तीन वर्षं आईच्या आजारपणात गेली होती, हे कारकूनबाईंच्या फॉर्ममध्ये लिहायला जागा नव्हती.

तिने नोंदवही ओढली. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात ती अकरा दिवस उघडीच होती. आठ रकाने: तारीख, वेळ, किती वेळ चालला, आतलं तापमान, कुठले प्रोग्रॅम सुरू होते, यंत्राने काय संदेश दिला, त्या वेळी घरात दुसरं काय चालू होतं, पुढची कृती. रकाने बाबांनी आखून दिले होते. शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची तीस वर्षं गेली होती आणि घरातही त्यांचा कायदा तोच होता: आधी नोंद, मग अंदाज. ती घरात नसली किंवा झोपलेली असली, तर नोंद ते करत.

तिने एकतिसावी ओळ लिहिली. सातव्या रकान्यात घरभर फिरून आल्यासारखं आठवून लिहिलं: फ्रिज, पंखा, खालची इस्त्री, बाबांच्या खोलीत रेडिओ.

मग पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की आपण हरलो आहोत.

२

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. कॉम्प्युटर त्यानेच सुटे भाग आणून जोडला होता, त्यामुळे संशयितांत त्याचं नाव पहिलं होतं.

"ताई, मी काल पंखा साफ केला म्हणून आज सहा तास चालला. हे तरी मान्य कर."

"चालला, आणि मेला."

"पण सुधारणा आहे. आधी दोन तासांवर टिकत नव्हता."

"मेमरीच्या पट्ट्या बदलल्यास तेव्हाही तू हेच म्हणालास. व्हायरस काढलास तेव्हाही."

"हा कॉम्प्युटर नाहीये, पेशंट आहे. रोज नवीन दुखणं."

"डॉक्टर तसा पेशंट," बाबा दारातून म्हणाले. चौकटीला हात धरून ते तिथेच उभे राहिले. अलीकडे ते असेच उभे राहत, आत येऊ की नको अशा बेताने.

भावाचं लक्ष तिकडे वळलं. "त्यावरून आठवलं. तारीख घेतलीत का? हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनची? वर्ष होत आलं, बाबा."

"बघू."

"बघू म्हणजे किती तारीख?"

"हिचा प्रबंध जाऊ दे एकदा. घरात एका वेळी एकच बिघाड." ते हसले आणि आपल्या खोलीकडे वळले.

तिने भावाला खुर्चीत बसवलं आणि उलटतपासणी सुरू केली. "वीज आत घेणारा डबा. तो नवा होता की कुठून काढलेला?"

"काढलेला. पण चांगला होता." तो जरा वरमला. "म्हणजे धडधाकट नव्हता. दाब थोडा जरी कमी झाला तरी धीर सोडतो. म्हणून तर यूपीएस होता ना आपला."

यूपीएस होता खरा. तो आईच्या ऑक्सिजनच्या यंत्रासाठी घेतला होता आणि तिच्या शेवटच्या वर्षात त्याच्या बॅटरीने मान टाकली. आई गेल्यावर दोन्ही वस्तू घरातून गेल्या. यूपीएस भंगारात, यंत्र दवाखान्याला. बाबांनीच नेऊन दिलं होतं.

"नवा यूपीएस उद्या बघतो," भाऊ म्हणाला.

"तो दुकानातून येईपर्यंत मंगळवार उजाडेल. मला उद्या दुपारच्या आत आकडेमोड लावायची आहे. नाहीतर छपाई नाही, बांधणी नाही, काही नाही." ती पाणी प्यायली. "एक सांग. आजारी माणूस मरण्याआधी काहीतरी बोलतो ना? प्रोग्रॅम बिघडला, मेमरी बिघडली, तर यंत्राला दोन शब्द लिहायला वेळ मिळतो. एकतीस वेळा हा गेला आणि एकदाही त्याने काही लिहिलेलं नाही. नंतर उठल्यावर फक्त एवढंच म्हणतो, की मागच्या वेळी मी अचानक बंद पडलो होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तो आजाराने जात नाहीये. कुणीतरी त्याचा गळा दाबतंय."

भावाने बोट जमिनीकडे केलं. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींची इस्त्री सुरू होती. वाफेचा फुसकारा वरपर्यंत ऐकू येत होता.

३

सोमवारी सकाळी नऊला ती मावशींच्या दारात उभी होती. खोलीभर कापडाचे तुकडे, मधोमध उंच टेबल, त्यावर ती मोठी इस्त्री, नळी लावलेली.

"ये गं. झालं का तुझं पुस्तक?"

"प्रबंध. नाही झालं. मावशी, तुमची इस्त्री किती वाजता लावता, किती वाजता बंद करता?"

"आता माझ्या इस्त्रीवर आलं का?" मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. "सकाळी नऊ ते रात्री आठ. पण गेल्या आठवड्यात तीन दिवस ती दुरुस्तीला गेली होती, मंगळ, बुध, गुरू. तेव्हा तुझा डबा सुरळीत चालला का?"

तिने नोंदवही उघडली. मंगळवारी तीन. बुधवारी चार. गुरुवारी तीन. "नाही."

"मग सोड माझ्या गरिबाला." मावशी हसल्या. "आणि ऐक, वर जातेयस तर बाबांना सांग, इस्त्रीचं पाणी संपत आलंय. परवा अख्खी बाटली दिली त्यांना."

"कसलं पाणी?"

"ते शुद्ध पाणी, इस्त्रीत घालतो ते. नळाचं घातलं की आत क्षार धरतात, तुला मी काय सांगायचं. महिना-दोन महिने नेतात ते. बॅटरीत घालायला लागतं म्हणाले."

ती जिन्यावर आली आणि दुसऱ्या पायरीवर थांबली. घरात बॅटरी नव्हती. घरातली एकुलती एक बॅटरी दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली होती.

वरून दाराचा आवाज आला. बाबा पाव आणायला निघाले होते. जिना उतरताना त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली.

४

आता तिने दोन साक्षीदार उभे केले. तारेचे जुने बल्ब, चाळीस वॅटचे. एक कॉम्प्युटरच्या स्विचबोर्डावर, दुसरा स्वयंपाकघरात, खुर्चीतून दार उघडं ठेवलं की दिसेल असा. आकडेमोड लावली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

दहा पन्नासला बाबा परतले. पावाची पिशवी ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला, मग खोलीचं दार लागलं, मग रेडिओ. कुणीतरी शेतीच्या खतांवर बोलत होतं. बाबांना एके काळी रेडिओचा गोंगाट सहन व्हायचा नाही.

दहा अठ्ठावन्नला जवळचा बल्ब दबला. विझला नाही, पिवळ्याचा तांबूस झाला, पाव सेकंदही नाही. टक्‌. पडदा काळा.

स्वयंपाकघरातला बल्ब जसाच्या तसा होता.

ती जागची हलली नाही. ओरडावंसं वाटलं, पण त्या भावनेला तिने रांगेत मागे उभं केलं. बाहेरची वीज कमी झाली असती तर दोन्ही बल्ब दबले असते. खालच्या इस्त्रीचं कारण असतं तरी दोन्ही. म्हणजे दोष या घरातला, आणि घरातल्याही एकाच तारेवरचा. ती तार दोनच खोल्यांत जात होती. एक ही. दुसरी भिंतीपलीकडची.

तिने नोंदवही पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली, या वेळी फक्त सातवा रकाना.

तिच्या अक्षरातल्या तेरा नोंदी होत्या. प्रत्येकीत फ्रिज, पंखा, काही ना काही. आणि तेराही ठिकाणी शेवटचा शब्द एकच: रेडिओ. हे तिला आधीही दिसलं होतं. पण तो वीतभर, सेलवर चालणारा रेडिओ. त्याने कुणाचं काय वाकडं होणार, म्हणून तिने तो सोडून दिला होता. रेडिओने काय केलं, एवढाच प्रश्न तिने विचारला होता. रेडिओखाली काय ऐकू येत नव्हतं, हा विचारलाच नव्हता.

बाकीच्या अठरा नोंदी बाबांच्या. पहाटेच्या, दुपारच्या, ती बाजारात गेलेली असतानाच्या. सरळ, उभट, तीस वर्षं फळ्यावर तावून सुलाखून निघालेलं अक्षर. सातव्या रकान्यात अठराही वेळा दोन शब्द: काही नाही.

तिने अठराही ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं.

काही नाही कसं असेल? फ्रिज तर चोवीस तास चालू असतो. नववीत असताना तिने एकदा प्रयोगाच्या वहीत खोलीचं तापमान लिहिलं नव्हतं, तर बाबांनी तिला शाळेत परत पाठवलं होतं. तो माणूस फ्रिज विसरेल? सराईत खोटं बोलणाऱ्याने फ्रिज लिहिला असता, पंखा लिहिला असता आणि एकच गोष्ट गाळली असती. बाबांना ते जमलं नव्हतं. गाळायचंच तर त्यांनी सगळंच गाळलं होतं.

अकरा दिवस तिने मेमरी तपासली, पंखा तपासला, तारा, तापमान, शेजारी, भाऊ, सगळे तपासले. नोंद करणारा माणूस तपासला नाही. या घरात तसं कुणी करतच नसे.

मग एकेक गोष्ट आपोआप शेजारी येऊन बसली. काल दिवसभर बाबा भावाकडे होते आणि कॉम्प्युटर सहा तास चाळीस मिनिटं चालला. चार दहाला दोन जिने चढून ते घरी आले, चार सतराला तो गेला. आज पाव घेऊन वर आले, आठ मिनिटांनी तो गेला. चौकटीला धरून उभं राहणं. शुद्ध पाण्याची बाटली. आणि कानाखालून नाकापर्यंत गेलेली चार सेंटीमीटरची रेष. उशीचा वळ इतका सरळ नसतो. तसली रेष तिने याआधी दुसऱ्या एका चेहऱ्यावर वर्षभर रोज पाहिली होती.

ती उठली आणि भिंतीला कान लावला. खतांची माहिती. त्याखाली, अगदी खोल, फुस्स. थांबून पुन्हा फुस्स.

५

तिने दार वाजवलं नाही.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर. नाकाला नळी. पलंगाच्या पायथ्याशी, अर्धवट चादर टाकलेलं, आईचं यंत्र. त्याच्यावरच्या बाटलीत मावशींच्या इस्त्रीचं पाणी बुडबुडत होतं. त्यांचा हात बटणाकडे गेला.

"बंद करू नका," ती म्हणाली. तिने रेडिओ बंद केला. "दवाखान्याला दिलं होतंत ना हे?"

"देणार होतो."

"कधीपासून?"

"लिहून नाही ठेवलं." हे सांगताना ते खरंच ओशाळले. "तीन महिने असतील. आधी जिना चढल्यावर लागायचं. मग आंघोळीनंतर. आता आडवं झालं की लागतं."

ती जमिनीवर बसली. पलंगामागच्या बोर्डाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. प्लेट गरम होती, कडेला तपकिरी डाग. आतला सांधा सैल होऊन जळत आला होता. यंत्राने सुरू होताना जोर मारला की या सांध्यावर वीज अडखळायची, आणि पुढे तिच्या खोलीत पोचेपर्यंत तिच्यात दम उरायचा नाही.

"तुमच्या लक्षात आलं नाही? तुमच्या?"

बुडबुड्यांचा आवाज येत राहिला.

"तिसऱ्या दिवशी शंका आली," ते म्हणाले. "चौथ्या दिवशी खात्री झाली. मग मी जमेल तितकं टाळायला लागलो. घड्याळ समोर ठेवून बसायचो. शुक्रवारी एक तास बावीस मिनिटं काढली. काल धाकट्याकडे दिवसभर खुर्चीतून हललो नाही, म्हणून निभावलं; घरात उठबस असते, तासाभरापुढे नाही निघत गं. डोळ्यांपुढे अंधार येतो."

"बाबा."

"स्वयंपाकघरातल्या बोर्डावर लावलं असतं तर भागलं असतं. तेही कळत होतं. पण तुझ्यासमोरून न्यावं लागलं असतं."

"मग न्यायचं. सांगायचं."

"तुझ्या आईच्या वेळी तू हे सगळं गुंडाळून माळ्यावर टाकलंस. तीन वर्षं. मी एका शब्दाने म्हटलं नाही की टाकू नकोस. उलट बरं वाटलं मला, तू होतीस म्हणून." त्यांनी श्वास घेतला, वाक्याच्या मध्ये घ्यावा लागला. "या वेळी म्हटलं, बुधवारपर्यंत तग धरायचा. तीन दिवसांचा तर प्रश्न."

"तुम्ही तग धरत होतात आणि पलीकडे तो मरत होता. तो मरत होता म्हणून मी थांबले होते. मी थांबले म्हणून तुम्ही." तिला हसू आलं आणि ते अर्ध्यातच भलतीकडे वळलं. तिने ओढणीने तोंड पुसलं. "काय चक्र लावलंत."

"अठरा खोट्या नोंदी झाल्या माझ्या हातून," बाबा हळूच म्हणाले. त्यांना सगळ्यात जास्त तेच बोचत होतं.

ती उठली. दोन एक्स्टेन्शन एकात एक जोडून तिने स्वयंपाकघरापासून खोलीपर्यंत तार आणली, यंत्राचा प्लग काढून त्यात घातला आणि जळक्या बोर्डाचं बटण बंद केलं. मग डॉक्टरांना फोन. कॉम्प्युटर नंतर. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, चारला घेऊन या, अंग सुजलं किंवा ओठ निळे दिसले तर चारचीही वाट बघू नका. "आणि त्यांना विचारा, वर्षभरापूर्वी मी एक प्रश्न विचारला होता. उत्तर घेऊन या. या खेपेला बघू चालणार नाही."

भावाला गाडी घेऊन बोलावलं. मग ती आपल्या खोलीत गेली आणि आकडेमोड लावली. बारा वाजून दहा मिनिटं. रात्री नऊ दहाला उत्तर येईल. त्यासाठी तिने शेजारी बसण्याची गरज नव्हती. खरं तर कधीच नव्हती. दोन्ही बल्ब स्थिर जळत होते.

भिंतीपलीकडे यंत्र बंद झाल्याचं ऐकू आलं. मग पुन्हा सुरू झालं. तिने श्वास रोखला. बल्ब हलला नाही. पडद्यावरचे आकडे पुढे सरकत राहिले.

"चाललं का?" पलीकडून आवाज आला. मुद्दाम बंद-सुरू करून पाहत होते.

"चाललं. आता हात लावू नका त्याला."

ती नोंदवही घेऊन त्यांच्या खोलीत गेली. बाबांनी हात पुढे केला. खोडायचं नाही, चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहून सही करायची; हा नियम त्यांनी शेकडो मुलांना शिकवला होता आणि स्वतःवर वापरायची वेळ कधी आली नव्हती. चष्मा लावून ते एकेका ओळीवर गेले. 'काही नाही' वर रेघ. शेजारी 'ऑक्सिजनचं यंत्र'. सही. अठरा वेळा. मध्ये दोनदा थांबावं लागलं. तिने मदत केली नाही, घाईही केली नाही.

सातवा रकाना संपला. त्यांनी वही तिच्याकडे दिली. शेवटच्या ओळीचा आठवा रकाना कोरा होता: पुढची कृती.

"बोर्ड बदलणे," ती लिहिता लिहिता म्हणाली. "यूपीएस आणणे." मग तिने पेन उचललं नाही. तिथेच टेकवून ठेवलं. शाईचा बारीक ठिपका कागदावर पसरू लागला. "आणखी?"

बाबांनी नाकाची नळी नीट बसवली. खिडकीकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग तिच्या हातातल्या पेनाकडे. एक श्वास घेतला, तो पुरला नाही, दुसरा घेतला.

"ऑपरेशन करून घेणार आहे मी," ते म्हणाले. "लिही."